सिलिंडरचे टोपण कुठे आहे?

मैत्रिणींनो, हे वाचता वाचताच उठा आणि स्वयंपाकघरात जाऊन बघा. गॅस सिलिंडरचे ते दोरी बांधलेले प्लास्टिकचे टोपण जागेवर आहे का? बऱ्याच घरी दोरी मध्ये येते म्हणून कापून टाकतात आणि टोपण जाते मुलांच्या भातुकलीत! पण व्हॉल्व्ह गळू लागला की पहिला आधार त्या टोपणाचाच, बरं का.

व्हॉल्व्हच्या तोंडात एक लहानशी रबरी रिंग असते. ती झिजली, चिरली किंवा मुळात नसलीच, तर रेग्युलेटर चालू केल्यावर सांध्यातून गॅस झिरपतो. म्हणून नवे सिलिंडर आले की गॅसवाल्याला रिंग आणि व्हॉल्व्ह तपासून दाखवायला सांगा. "ताई, घाई आहे" म्हणाला, तरी सोडू नका. रेग्युलेटर बसवल्यावर सांध्याला साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले, की गळती आहे असे समजा. काडी ओढून बघण्याचा वेडेपणा मात्र कधीही करू नका.

आणि खरोखरच वास आला तर? आधी शेगडी, समई, उदबत्ती विझवा. दिव्या-पंख्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. तेवढ्या ठिणगीनेही भडका उडतो. रेग्युलेटर बंद करून काढा आणि टोपण वरून दाबून घट्ट बसवा. दारे-खिडक्या सताड उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली ओट्याजवळ साचून राहतो. नुसता वरचा झरोका पुरत नाही.

टोपण लावूनही फुसफुस थांबली नाही, तर आतली पिन टाचणीने हलवू नका, चिंधी कोंबू नका. ते काम आपले नव्हे, आपल्या 'ह्यां'चेही नव्हे! मुलाबाळांना, सासूबाईंना घेऊन बाहेर पडा, शेजारी सांगा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसगळतीसाठीच २०१६ पासून ही सोय आहे. माणूस येऊन तपासून जाईपर्यंत शेगडी पेटवू नका. एक वेळ पोळ्या उशिरा झाल्या तर काही बिघडत नाही.

सापडले का टोपण? मग आजच दोरीने सिलिंडरला बांधून टाका.