अवकाळी पाऊस, रुतलेली ट्रॉली आणि ओढणाऱ्याचा जीव

उसाच्या तोडणीचा आणि पावसाचा संबंध पूर्वी सहसा येत नसे. दसरा-दिवाळी उलटली म्हणजे आकाश निवळे, पाणंदी वाळत, आणि मग फडांत कोयता पडे. हा क्रम आतां भरंवशाचा राहिलेला नाहीं. सन २०१९ चा परतीचा पाऊस दिवाळी होऊन गेली तरी हटेना. सन २०२१ च्या डिसेंबरच्या आरंभीं आणि पुन्हां सन २०२३ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत ऐन तोडणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. अशा पावसानें द्राक्षांचें, कांद्याचें व कापसाचें काय होतें, याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच पावसांत फडांतून सडकेपर्यंत ऊस काढतांना जो जिवाचा जुगार खेळला जातो, त्याविषयीं आमच्या शेतकरीवर्गांत फारसें कोणी बोलत नाहीं. तो विषय आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या हंगामांतील गोष्ट. रात्रीं पाऊस होऊन गेला होता. आमच्या शिवारांतील काळ्या रानांत भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह एक ट्रॅक्टर उभा होता. सकाळीं तो निघाला, आणि पाणंदीच्या वळणावर मागल्या ट्रॉलीचें चाक आंसापर्यंत खालीं गेलें. दुसरा ट्रॅक्टर आणविला. त्याच्या ड्रॉबारची पिन घरीं राहिली होती, म्हणून साखळी वरच्या जोडास, म्हणजे आमचे चालक ज्यास टॉप लिंक म्हणतात त्या जागीं, अडकविण्यांत आली. भोंवतीं वीस-पंचवीस माणसें, त्यांत शाळा चुकवून आलेलीं पोरें. पहिला झटका, दुसरा झटका. तिसऱ्या झटक्यास ओढणाऱ्या ट्रॅक्टराचीं पुढचीं चाकें हातभर वर उचललीं गेलीं. चालकानें वेळेवर क्लच दाबला म्हणून तो खालीं आपटला. इतकें होऊनही चौथा झटका दिलाच. त्यास साखळीची कडी तुटली आणि तिचा तुकडा बांधावरच्या बाभळीच्या खोडांत जाऊन बसला. त्या बाभळीखालीं क्षणापूर्वीं एक मुलगा उभा होता. माणसें हंसलीं, तंबाखू मळली गेली, दुसरी साखळी शोधावयास गडी धांवला. हंसणारांत आम्हीही होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ऊस आमचाच होता.

पुढचीं चाकें कां उचललीं गेलीं, हें समजण्यास यंत्रशास्त्राचें मोठें ज्ञान नको. इंजिन मागल्या आंसास पीळ देतें. चाक फिरूं शकलें तर ट्रॅक्टर पुढें जातो. चाक चिखलानें वा ओझ्यानें जखडलें गेलें, तर तोच पीळ उलट लागूं होऊन ट्रॅक्टर आपल्याच आंसाभोंवतीं फिरूं पाहतो, म्हणजे त्याचें नाक वर उठतें. ओढ आंसाच्या खालून, ड्रॉबारवरून असेल, तर नाक उठतांच ड्रॉबार खालीं दबतो आणि उलटविणारा जोर कमी होतो. ओढ आंसाच्या वरून असेल, तर ओझेंच ट्रॅक्टरास मागें पाडूं लागतें. एकदां नाक उठूं लागलें कीं सावरण्यास सुमारें पाऊण सेकंद मिळतो, असें या विषयाचे जाणकार सांगतात. पाऊण सेकंदांत सावध माणसाचा पायही क्लचवर पोहोंचेल अशी खात्री नाहीं; मग रात्रभर जागून चौथी खेप करणाऱ्याची गोष्टच नको. आमच्या चालकाचा पाय पोहोंचला हें आमचें नशीब.

याच जातीची दुसरी एक युक्ति खेड्यापाड्यांतून चालते. ट्रॅक्टर स्वतःच रुतला कीं मागल्या चाकांस लांकडाचा ओंडका आडवा बांधून तो पुढें काढूं पाहतात. ओंडका जमिनींत अडतो, चाक जागच्या जागीं थांबतें, आणि चालक यंत्राखालीं सांपडतो. रुतलेला ट्रॅक्टर शक्य तर ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें मागें घ्यावा. आणि डोक्यावरच्या पत्र्याच्या छत्रीवर कोणीं विसंबूं नये. ती उन्हासाठीं आहे. उलटणाऱ्या ट्रॅक्टराचा भार ती झेलीत नाहीं. तो झेलणारी लोखंडी चौकट निराळी असते. स्वीडन देशानें नव्या ट्रॅक्टरांवर ती बसविणें सन १९५९ मध्येंच सक्तीचें केलें. आपल्याकडील पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर अद्यापि ती दिसत नाहीं.

आतां दोराविषयीं. मोटेचा नाडा ज्यांनीं वापरला त्यांस दोराचा स्वभाव ठाऊक होता. तुटायला आलेला नाडा ते हातांनीं चांचपून ओळखीत. नायलॉनचा दोर ताणला जातो, आणि ताणतांना त्यांत जोर साठत जातो. तुटला कीं तो सर्व जोर एका क्षणांत सुटतो, आणि टोंकाला बांधलेली कडी वा हुक बंदुकीच्या गोळीसारखा जातो. साखळी नायलॉनइतकी ताणली जात नाहीं, म्हणून झटका सोसण्याची सोयच तिच्यांत नसते. ती कडींत तुटते. तारेच्या दोरावर मध्यभागीं ओलें पोतें टाकण्याची चाल कांहीं जाणत्या चालकांत आहे. त्या पोत्याच्या वजनानें तुटलेली तार खालीं बसते. चाल लहान आहे, फुकटची आहे, आणि आम्हीं ती हजार ठिकाणीं पाहावयास हवी होती. पाहिली ती दोन-तीन ठिकाणींच. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आंत कोणीं उभें राहूं नये, आणि ओढीच्या रेषेंत तर मुळींच राहूं नये. भरलेल्या ट्रॉलीवर निजलेल्या तोडणीकरी बायामाणसांस व लेंकरांस आधीं खालीं उतरवावें, हें सांगावें लागतें याचीच आम्हांस लाज वाटते.

परंतु खरी चूक दोर बांधण्याच्याही आधीं होऊन गेलेली असते. काळी जमीन पाणी प्याली कीं फुगते, चिकटते, आणि चाकास चहूंकडून धरून ठेवते. अशा वेळीं वीस टनांचें ओझें एका दमांत उपटून काढण्यापेक्षां तें हलकें करणें हाच शहाणपणाचा मार्ग होय. मागली ट्रॉली सोडावी. तिच्यांतील मोळ्या उतरवाव्या. चाकापुढचा चिखल फावड्यानें उतरता काढावा, त्यांत पाचट, मुरूम, असतील तर फळ्या घालाव्या. मग ड्रॉबारास दोर बांधून, झटका न देतां, खालच्या गतींत सावकाश ओढावें. यास दोन-तीन तास लागतात, आणि मोळ्या उतरविणें व पुन्हां भरणें यांची मजुरी पडते. ती तोडणीकऱ्यांस रोख दिली पाहिजे. आमच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठीं त्यांनीं फुकट मान मोडावी असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं.

शेत सुटून सडक लागली म्हणजे संकट संपलें असें समजणारे फसतात. ट्रॅक्टराचें स्वतःचें वजन दोन-अडीच टन, आणि मागें दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन माल. ट्रॉल्यांस बहुधा ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टराच्या मागल्या दोन चाकांनीं अडवावयाचा. वीस फुटांस एक फूट अशा उतारावर वीस टनांचें ओझें सुमारें एक टनाच्या जोरानें पुढें ढकलीत असतें. कोरड्या सडकेवर हें कसेंबसें निभतें. पावसानें भिजलेल्या डांबरावर, तशांत चाकांनींच आणून टाकलेल्या चिखलावर, मागलीं चाकें घसरतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरास आडवा लोटते. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडणारा चालक आपला उरलासुरला आधारही टाकून देतो. शेतांत वळण घेण्यासाठीं ब्रेकचीं दोन पायपट्ट्या निरनिराळ्या ठेवतात; सडकेवर येतांच त्या एकमेकींस जोडल्या पाहिजेत, नाहींतर एकीवरच पाय पडून ट्रॅक्टर एका अंगास फिरतो.

बंद पडलेला ट्रक दोरानें ओढीत नेणें हा तर याहून वाईट प्रकार. दोरास ओढतां येतें, अडवितां येत नाहीं. उतार लागला कीं मागला ट्रक पुढच्यावर येऊन आदळतो. इंजिन बंद असल्यामुळें त्याचें सुकाणूं जड झालेलें असतें, आणि हवेच्या ब्रेकांत हवा भरणारें यंत्रही थांबलेलें असतें. पावसांत, अंधारांत, मागें दिवा नाहीं, आणि मधल्या दोरावरून एखादा मोटारसायकलवाला आडवा घुसूं पाहतो. अशा वाहनास ताठ लोखंडी दांडीच हवी, आणि पाऊस थांबेपर्यंत तें सडकेच्या कडेला दिवे व परावर्तक लावून उभें ठेवणें त्याहून बरें.

इतकें सर्व चालकास कळत नाहीं असें थोडेंच आहे? आमच्या मतें त्यास तें आमच्यापेक्षां अधिक कळतें. त्याच्या पायाखालींच तो ट्रॅक्टर थरथरत असतो. परंतु त्याची कमाई टनांवर व अंतरावर ठरलेली, ट्रॅक्टर कर्जाचा, मजुरांस दिलेली उचल अंगावर. उभ्या गाडीस कोणी कांहीं देत नाहीं. दुसऱ्या बाजूस आम्ही बागाइतदार बांधावर घड्याळ पाहत उभे. कोयता लागल्यापासून ऊस वजनांत व साखरेंत उतरूं लागतो आणि चोवीस तासांच्या आंत तो गाळला जावा हें खरें. म्हणून आम्ही चालकास घाई करतों. एका दिवसाच्या खोळंब्यानें होणारी घट हिशेबांत मांडतां येते. ती किती झाली तरी उसाचीच असते. तथापि ही घट सोसावयाची कोणीं, हें आजवर कोणीं ठरविलेलें नाहीं. आणि जें कोणीं ठरविलें नाहीं त्याचा भार सर्वांत खालच्या माणसावर पडतो.

कारखान्यांच्या शेतकी खात्यांस आमचें सांगणें आहे कीं, तोडणीचा कार्यक्रम केवळ लागणीच्या तारखेवर बांधूं नये. प्रत्येक गटांत सडकेलगतचे, मुरमाड वाटेचे कांहीं फड पावसाच्या दिवसांसाठीं राखून ठेवावेत. हवामान खातें जिल्हावार इशारे देतें. नारिंगी वा तांबडा इशारा असेल त्या दिवशीं काळ्या रानांत कोयता लावूं नये. तरीही तोडलेला ऊस अडकलाच, तर वाहतूकदारास खोळंब्याचा आकार मिळावा. त्यांतील कांहीं वांटा आम्हां ऊसवाल्यांच्या बिलांतून कापला गेला तरी आमची तक्रार नाहीं. हें वाचून आमचेच कांहीं सभासद रागावतील हें आम्ही जाणतों. पेरणीला वाफसा येईपर्यंत आम्ही आठ-आठ दिवस आकाशाकडे पाहत बसतों. ओल्या रानांत पाभर घालणाऱ्यास वेडा म्हणतों. त्याच रानांत वीस टनांचा गाडा घालणाऱ्यास मात्र आम्ही मर्द म्हणतों.

आपल्या संघाच्या पुढील मासिक सभेपुढें आम्ही एक लहानसा ठराव ठेवीत आहों. गांवच्या गोदामांत चार जाड फळ्या, दोन फावडीं, तपासून घेतलेला एक दोर, ड्रॉबारच्या दोन जादा पिना आणि एक ताठ दांडी एवढें सामान कायमचें ठेवावें. मागेल त्या चालकास तें पावती करून, भाडें न घेतां, द्यावें. बाभळींत बसलेला साखळीचा तुकडा आम्हीं छिन्नीनें काढवून ठेविला आहे. सभेच्या दिवशीं तो टेबलावर असेल.