आधी कॉलेज, मग पाणचक्की

मुलीसाठी स्थळ पाहायला आपण चार-चार माणसं जातो. कॉलेज मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून ठरवून टाकतो. म्हणून बारावीच्या निकालानंतर आम्ही दोघे लेकीला घेऊन परभणीहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. रविवार मुद्दाम टाळला. सुट्टीच्या दिवशी नुसत्या इमारती दिसतात.

आधी रौजाबागेतलं मौलाना आझाद कॉलेज. डॉ. रफिक झकेरिया यांनी ते १९६३ मध्ये सुरू केलं. लेक ग्रंथालयात रमली. मुलींच्या राहण्याची सोय, फाटकाच्या वेळा, बसस्टँडचं अंतर असल्या चौकश्या आम्ही करत होतो. तिचे अब्बू गप्पच होते. इतक्या लांब ती एकटी कशी राहील, हा घोर.

दुपारी पाणचक्कीला गेलो. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथे आणलं, त्यावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहतल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. तिथल्या जुन्या वडाखाली डबा सोडला. लेक म्हणाली, “अब्बू, इथे परक्यांचीही सोय व्हायची.”

ते हसले. थोड्या वेळाने विचारलं, “तो प्रवेशाचा फॉर्म कुठे ठेवलास?”

बीबी का मकबरा राहिलाच. तो आता प्रवेशाच्या दिवशी.