मोतीबिंदू काढला, पण दिसतंय का?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालं. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "आधी धूसर तरी दिसत होतं गं, आता मधोमध डागच आहे." घरच्यांचा निकाल आधीच लागला होता : म्हातारीनं पथ्य पाळलं नाही. (सून वेळेवर थेंब घालते की नाही यावरूनही भांडणं झाली. मुलालाही थेंब घालता येतात, हे कुणाला सुचलं नाही.)

मावशींना बारा वर्षं मधुमेह आहे. ऑपरेशनआधी साखर तपासली, पण डोळ्याचा पडदा कुणी पाहिल्याचं त्यांना आठवत नाही. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. मोतीबिंदू काढल्यावर पडद्याच्या मध्यभागी सूज येण्याचा धोका अशा रुग्णांना जास्त असतो आणि पडदा आधीच बिघडला असेल तर तो आणखी वाढतो. म्हणून बाहुली मोठी करून पडदा आधी पाहायचा असतो, गरज असेल तर त्याचे उपचार आधी करायचे असतात.

पण मोतीबिंदू फार पिकला की त्याच्याआडचा पडदा डॉक्टरांनाही दिसत नाही. आणि पिकेपर्यंत कोण थांबतं? बाईच. स्वयंपाक निभावतोय तोवर तिच्या डोळ्यांना कुणी आजारी म्हणत नाही. तेव्हा याला 'पथ्य मोडलं' म्हणणं मला मान्य नाही.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून लाखो लोकांना नजर परत मिळाली, हे नाकारायचं नाही. पण उद्दिष्ट मोजलं जातं ते ऑपरेशनांच्या संख्येत. तीन महिन्यांनी त्या बाईला सुईत दोरा ओवता येतो का, हे कोण विचारतं? शिबिरासाठी बायका गोळा करून देणाऱ्या आपल्या संघटनाही नाहीत विचारत. आम्हीही विचारलं नव्हतं.

आता आम्ही मधुमेही बाईसोबत जातो तेव्हा पडदा पाहिला का, हे ऑपरेशनआधीच विचारतो आणि कागदावर लिहून घेतो. डोळा लाल झाला, दुखला किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं, हे घरातल्या पुरुषांनाही बसवून सांगतो.

मावशींना आता डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागताहेत. दोन खेपांना गटातल्या बायका सोबत गेल्या. तिसरी खेप येत्या सोमवारी आहे. मुलगा म्हणतो, "या वयात आता कशाला?"