विश्लेषण : रुळांची 'सोनोग्राफी' कशी होते? तडा सापडला म्हणजे धोका टळला का?

थंडी सुरू झाली की 'रुळाला तडा, लोकल उशिराने' ही बातमी मुंबईकरांना नवी राहत नाही. त्याच वेळी रेल्वे मंत्रालयाची आकडेवारी दिलासा देणारी आहे. रूळ तुटण्याच्या घटना २०१३-१४ मध्ये २,५४८ होत्या, त्या २०२४-२५ मध्ये २८९ वर आल्या. वेल्ड तुटण्याच्या घटनाही ३,६९९ वरून ३७० वर आल्या. या घटीचे श्रेय ज्या उपायांना दिले जाते, त्यात रुळांच्या अल्ट्रासोनिक तपासणीचे नाव हमखास असते. ही तपासणी नेमके काय पाहते आणि तिच्या नजरेतून काय सुटते?

तडा थंडीतच का उघडा पडतो?

पूर्वी दोन रुळांमध्ये फट असे. आता रूळ एकमेकांना वेल्ड करून सलग केले जातात. तापमान उतरले की पोलाद आकसू पाहते, पण स्लीपरला जखडलेल्या रुळाला आकसायला जागा नसते. त्यामुळे त्यात ताण साठतो. आत आधीपासून लहानसा दोष असेल तर पहाटेच्या गारव्यात तिथेच रूळ तुटतो. म्हणजे थंडी तडा निर्माण करत नाही, लपलेला तडा उघड करते. तो त्याआधीच शोधणे हे अल्ट्रासोनिक तपासणीचे काम.

ध्वनिलहरी तडा कसा शोधतात?

माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. रुळांच्या तपासणीत त्याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे २० लाख हर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. रुळावरून ढकलल्या जाणाऱ्या ट्रॉलीच्या तळाशी प्रोब असतात. प्रोब आणि रूळ यांच्यात हवा राहिली तर लहरी पोलादात शिरतच नाहीत. म्हणून मध्ये पाणी सोडतात. पोटाच्या सोनोग्राफीत जेल लावतात, तसेच.

पोलादात या लहरी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातात. सध्याच्या ६० किलो प्रकारच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर. तळाला आपटून लहर परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे सुमारे ५८ भाग लागतात. प्रतिध्वनी त्याआधीच आला, तर वाटेत काहीतरी आहे. सरळ खाली जाणारी लहर आडवे दोष पकडते. रुळाच्या माथ्यात उभे वाढणारे तडे मात्र तिला दिसत नाहीत, कारण ती त्यांच्या बाजूने निघून जाते. त्यांच्यासाठी ७० अंशांत तिरक्या लहरी सोडाव्या लागतात.

वेल्डच दुबळा का?

कारखान्यात विजेच्या साह्याने केलेला वेल्ड बराचसा एकसारखा असतो. रुळावर जागेवर केला जाणारा थर्मिट वेल्ड वेगळा. त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि लोह ऑक्साइड यांच्या अभिक्रियेतून तयार झालेला वितळलेला लोहरस साच्यात ओततात. दोन गाड्यांमधल्या ब्लॉकमध्ये हे काम उरकायचे असते. साचा नीट बसला नाही किंवा रूळ पुरेसा तापला नाही, तर आत हवेचे बुडबुडे राहतात, मळी अडकते किंवा धातू एकजीव होत नाही.

म्हणूनच वेल्डची संख्या कमी करणे हा तपासणीइतकाच मोठा उपाय आहे. १३ मीटरचे रूळ जोडायचे तर एका बाजूच्या रुळावर किलोमीटरला सुमारे ७७ सांधे येतात. २६० मीटरचे तयार पट्टे टाकले तर जागेवर जेमतेम चार. तुटण्याच्या घटनांतील घट ही नव्या रुळांची आणि लांब पट्ट्यांचीही आहे, एकट्या तपासणीची नाही.

काय सुटू शकते?

ट्रॉलीवरचे प्रोब रुळाच्या माथ्यावरून चालतात. तिथून निघालेली लहर मधल्या उभ्या भागातून खाली जाते. तळाचे दोन्हीकडे पसरलेले पंख तिच्या टप्प्यात येत नाहीत, म्हणून वेल्डच्या त्या भागाची हाताने वेगळी तपासणी करावी लागते. रुळाचा पृष्ठभाग खरवडलेला असेल किंवा वर बारीक तडे असतील, तर त्यांच्या सावलीत खोलवरचा दोष झाकला जातो. शिवाय पडद्यावरचा उंचवटा दोषाचा की वेल्डच्या आकाराचा, हे शेवटी माणूसच ठरवतो. उन्हात मैलोन् मैल ट्रॉलीमागे चालणाऱ्या त्या माणसाचा अनुभव आणि थकवा यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

सापडला, पुढे काय?

गंभीर दोष आढळला की गाड्यांचा वेग कमी करणे, त्या जागी फिशप्लेट आवळणे आणि ठरलेल्या मुदतीत तुकडा बदलणे अपेक्षित असते. साखळी बहुतेकदा तुटते ती इथे. ब्रिटनमध्ये १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळ रूळ फुटून गाडी घसरली आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्या रुळाची अवस्था आधीपासून माहीत होती. बदली रूळ जागेवर आणूनही ठेवला होता, पण तो बसवलाच गेला नाही. त्यानंतर देशभर १,२०० हून अधिक ठिकाणी वेगमर्यादा घालाव्या लागल्या आणि रूळ सांभाळणारी रेलट्रॅक कंपनी वर्षभरात दिवाळखोरीत गेली.

कोणता आकडा मागायचा?

तुटलेल्या रुळांचा आकडा शेवटचा परिणाम सांगतो. धोका किती आहे हे समजायला आणखी तीन आकडे हवेत : तपासणीत किती दोष सापडले, त्यांपैकी किती मुदतीत काढले आणि तपासून 'ठीक' ठरवलेले किती रूळ वा वेल्ड पुढची तपासणी येण्याआधीच तुटले. तिसरा आकडा तपासणीच्या दर्जाचा खरा कस आहे. गाड्यांचा वेग आणि संख्या वाढते आहे, तसा देखभालीसाठी मिळणारा ब्लॉक आक्रसतो आहे. यंत्राने दाखवलेला तडा दुरुस्त करायला रुळावर वेळच मिळाला नाही, तर कितीही चांगली 'सोनोग्राफी' फक्त निदानापुरती उरेल.