ओला कचरा आणि वीज



पिंपरी-चिंचवडच्या मोशीत 2023 पासून कचरा जाळून वीज करतात; क्षमता रोज 700 टन, 14 मेगावॅट. ‘आपल्याकडेही हवं,’ असं भिशीत ऐकते. मला पटत नाही. येडशीत 700 टन आणणार कुठून?

बी.कॉम.ची सवय, आधी हिशेब. आपल्या बादलीत निम्म्याहून अधिक ओलं असतं: साली, देठं, चहाचा चोथा. आधी त्यातलं पाणी उडवायचं, मग उरल्या उष्णतेवर वाफ करायची. चुलीत ओलं सरपण घातलेल्या बाईला हे शिकवायला नको! दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये असाच प्रकल्प उभारला. कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती, बंद पडला. 2016 चे नियमही जाळायला पाठवा म्हणत होते ते पुनर्वापर न होणारं, किलोला निदान 1500 किलोकॅलरी देणारं. सगळी बादली नव्हे.

आणि दोन दिवसांच्या ओल्या कचऱ्यात किती त्रस जीव पडतात, हे पाणी गाळून पिणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. ते भट्टीत लोटून वर ‘हरित ऊर्जा’ म्हणायचं? (खतातही जीव असतात, पण तिथे ते जगतात.)

साली त्याच दिवशी परसात मातीआड करा, प्लास्टिक धुऊन भंगारवाल्याला द्या. मग भट्टीसाठी काय उरतं, ते मोजू.