कड्याचं पुस्तक जरूर करा, पण खालचा बांधही त्यात येऊ द्या



डोंगळे फुलोऱ्यात आलेत. सकाळी ऊन तापायला लागलं की वाफ्यात आग्यामाश्यांचा नुसता घुमारा असतो. या माश्या वरच्या कड्यावरून येतात. आज लिहायचंय ते त्या कड्याबद्दलच.

मागच्या आठवड्यात पुण्याची चार पोरं बांधावर आली. पाठीवर दोर, हातात वही. म्हणाली, "काका, कुकडीच्या खोऱ्यातल्या कातळांचं गाइडबुक करतोय. जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका, शिवाय इकडच्या बारक्या भिंती." वही बघितली. काम मन लावून केलंय. कड्याच्या फोटोवर चढाईची रेघ, उंची, अवघडपणाची ग्रेड, बोल्ट कुठं, उतरायचं कुठून, सगळं आहे. पण कड्याखाली कुणी राहतं, हे कुठंच नाही. पायवाटेचे ठिपके तर सरळ माझ्या भाताच्या खाचरातून गेलेले!

गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, पुस्तकच नको, गर्दी वाढेल. मला ते पटत नाही. लोकं मोबाईलवर जागा बघून आत्ताही येतातच. माहिती नसलेला माणूस जास्त नुकसान करतो. पुस्तक व्हावं, पण पूर्ण व्हावं.

दोन वर्षांपूर्वी माघात एका गटानं मोहोळाच्या अंगावरच दोर टाकला. माश्या उठल्या. चढणारी पोरं पळाली, पण खाली बांधलेली शेजाऱ्याची गाय दाव्याला अडकली आणि मेली. मग भीतीनं गावातल्याच कुणीतरी रात्री पलिते लावून चार पोळी जाळली. त्या साली माझ्या डोंगळ्यात दाणा निम्मासुद्धा भरला नाही. ढगाळ हवा होती, सगळा दोष मोहोळावर टाकत नाही. पण कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. एका फुलाचं त्याच फुलात भागत नाही, माशी लागतेच. आणि आग्यामाशी पेटीत पाळता येत नाही. तिची पेटी म्हणजे तो कडा.

म्हणून पोरांना चार गोष्टी सांगितल्या.

१) मोहोळाच्या भिंती फोटोवर लाल करा. दिवाळीनंतर माश्या येतात, पावसाच्या तोंडाला उठतात. तेवढे महिने तिथं चढाई बंद. गिधाडांची, ससाण्यांची कपार असेल तिथंही विणीच्या काळात तेच. ब्रिटनमध्ये ससाण्याच्या घरट्यांसाठी कड्याचा ठरावीक भाग काही महिने बंद ठेवतात आणि चढणारे ते पाळतात. आपल्याला का जमू नये?

२) वाट बांधावरून दाखवा, खाचरातून नाही. गाडी कुठं लावायची, तेही लिहा. कापणीच्या दिवसांत बैलगाडीचा रस्ता अडला की आमचा दिवस जातो.

३) कातळाची माहिती गुराख्याला विचारा. आपला कडा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा, मऊ पट्टा असतो. तिथं दगड भुसभुशीत, आणि झराही बहुतेक तिथूनच फुटतो. चढणाऱ्याचा जीव आणि आमचं पिण्याचं पाणी, दोन्ही त्याच पट्ट्यात. तिथं बोल्ट ठोकू नका, झऱ्यावर मुक्काम टाकू नका.

४) नावं आमचीच ठेवा. प्रत्येक घळीला, टेपाडाला आजोबा-पणजोबांनी दिलेलं नाव आहे. कुणी अडकलं तर शोधायला आधी गावच जाणार. पुस्तकातलं इंग्रजी नाव ऐकून आम्ही कुठं पळायचं?

आणि छापायच्या आधी वही ग्रामसभेत ठेवा, वनखात्याला दाखवा.

आता आपल्याकडंही बघू. फुलोऱ्यात भर दुपारी फवारणी कोण करतं? आपणच. मारायचंच असेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी मारा, आणि माशीला घातक औषध फुलोऱ्यात टाळा. गवतासाठी डोंगराला वणवा कोण लावतं? गिधाडं गेली ती चढणाऱ्यांमुळं नाही, जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकमुळं. जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं, तोवर व्हायचा तो नाश झाला होता. त्यामुळं शहराकडं बोट दाखवून आपण मोकळे होत नाही.

पोरांनी सगळं लिहून घेतलं. वाटेचे ठिपके खोडून बांधावर घेतले, आणि मोहोळाच्या भिंती दाखवायला रविवारी मला बरोबर बोलावलंय. जाणार आहे. पन्नास वर्षं हा कडा खालून बघतोय, पुस्तकात माझ्याकडूनही चार ओळी जाऊ द्या.

तुमच्या शिवारात असे कडे असतील, चढणारे येत असतील, तर तुम्ही काय ठरवलंय? खाली लिहा. कृषीवाल्या मित्रांनो, डोंगळ्याच्या फुलोऱ्यात माशीला सुरक्षित काय वापरता, तेही सांगा.