पांढऱ्या मुळीचा श्वास

निफाडकडील व गोदावरीच्या कालव्यांखालील द्राक्षबागाईतदार बंधूंची एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. पानदेठ परीक्षणांत पालाश कमी व सोडियम जास्त निघतें, पानांच्या कडा करपतात. म्हणून ठिबकांतून पालाशाची मात्रा वाढवावी, तरी पुढील परीक्षणांत तोच प्रकार. मग दुकानदार आणखी एक पुडा हातीं देतो. आमच्या मतें यांत खताचा दोष थोडा व पाणी तुंबण्याचा फार आहे. आणि त्याचें कारण मुळाशीं जाऊन पाहिल्याशिवाय उमगणार नाहीं.

पांढऱ्या मुळीची प्रत्येक पेशी अतिशय पातळ पापुद्र्यानें वेढलेली असते. क्षार पाण्यांत विरघळले म्हणजे त्यांचे विद्युत्भारित कण होतात, त्यांस शास्त्रज्ञ आयन म्हणतात. पेशीच्या आंत पालाशाचे आयन मातीच्या पाण्यांतल्यापेक्षां पुष्कळदां शंभरपट दाट असतात. पाणी उताराकडे आपोआप वाहतें. चढावर न्यावयाचें तर मोटेस बैल जुंपावे लागतात. तसेंच हें आहे. पापुद्र्यांत प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात. ते एटीपी नांवाचें इंधन खर्चून हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात; त्यामुळें आंतील बाजू ऋणभारित होते व पालाश आंत ओढला जातो. बाहेर सांचलेले हायड्रोजनचे आयन परततांना नायट्रेटला सोबत आणतात, आणि सोडियम बाहेर काढण्याचें कामहि त्यांच्याच बळावर चालतें. प्राण्यांच्या पेशींतील अशाच एका पंपाचा शोध डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनीं खेकड्याच्या पायांतील मज्जातंतूंवरून १९५७ सालीं प्रसिद्ध केला, व १९९७ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. आमच्या ओढ्यांतहि खेकडे पुष्कळ. आम्हीं ते केवळ कालवणापुरतेच पाहिले!

आतां हें इंधन येतें कोठून? मुळीच्या श्वसनांतून. प्राणवायु असतां साखरेच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारें ३० रेणू मिळतात. नसतां केवळ २. आणि प्राणवायु हवेंतून ज्या वेगानें पसरतो, त्याच्या सुमारें दहा हजारांश वेगानें तो पाण्यांतून पसरतो. म्हणून काळ्या भारी जमिनींत पाणी तुंबलें कीं बैल उपाशी व मोट बंद. सोडियम आंत शिरतें, त्यास बाहेर काढणारें बळ उरत नाहीं. आणि आंतला पालाश उलट झिरपून जातो. अशा बागेंत पालाशाचें आणखी एक पोतें ओतणें म्हणजे उपाशी बैलापुढें मोठी मोट ठेवणें होय. वाडवडील ज्यास वाफसा म्हणत, तो मातींत ओल व हवा दोन्ही नांदण्याचा प्रकार येथें खताच्याहि आधीं लागतो. डॉगरिज खुंट लावला म्हणजे खारवटपणाची चिंता मिटली, असा समज आहे. खुंट उपयुक्त खरा, परंतु त्याच्याहि मुळीस श्वास हवाच.

नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला आणि १९१० सालींच त्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांस पुस्तिका लिहावी लागली. तेव्हां हें दुखणें नवें नाहीं.

चर काढावा हें सर्वांस पटतें. तो कोणाच्या गटांतून न्यावा येथें गाडें अडतें. महसुली कारकुनींत आम्हीं पाहिलें तें असें कीं, खालचा शेतकरी ओढा बुजवून बांध सरकवितो, वरच्याची बाग चिबडते, आणि वरचा वर्षभर तोंडीच भांडत बसतो. मामलेदार कोर्ट कायदा, १९०६, याच्या कलम ५ प्रमाणें शेतांतील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास केलेला बेकायदा अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. परंतु दावा सहा महिन्यांच्या आंत दाखल करावा लागतो. भांडणांतच ती मुदत निघून जाते. नवा चर न्यावयाचा तर शेजाऱ्याची लेखी संमति घेतलेली बरी, आणि ती एकट्यादुकट्यास मिळत नाहीं. येथें मंडळानें पुढें व्हावें. खताच्या एकत्र खरेदीस जशी वर्गणी जमते तशी ती ओढ्याच्या सफाईसाठीं कां जमूं नये? एप्रिलांत खरड छाटणीच्या सुमारास ओढे कोरडे असतात. तलाठ्याकडून गांवनकाशाची नक्कल घेऊन पांच माणसें निघालीं, तर कोणत्या गटाचें पाणी कोठें अडतें हें एका सकाळींत पाहून होतें.